जुन्नर-आंबेगावचे रात्रीचे आकाश : उंची, पाणी आणि अंधार

सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे उतरत गेलेल्या जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांची ओळख शिवनेरी, नाणेघाट, लेणी आणि भीमाशंकराचे अरण्य यांच्यामुळे सर्वत्र झालेली आहे. या भूभागाचे आणखी एक वैशिष्ट्य मात्र दिवसा दृष्टीस पडत नाही. पुण्यासारख्या मोठ्या नगरापासून दोन-तीन तासांच्या वाटेवर असूनही येथील रात्रीचे आकाश निरीक्षणास अद्याप बऱ्याच अंशी उपयुक्त राहिले आहे. दृश्य प्रकाशाने वेध घेणारी एक मोठी दुर्बीण आणि रेडिओ लहरींनी वेध घेणारी जगातील एक अग्रगण्य दुर्बीण, अशा दोहोंसाठी याच दोन तालुक्यांतील स्थळे निवडली गेली, हा काही योगायोग नव्हे. या उपयुक्ततेत उंचीचा वाटा किती, पाण्याचा किती आणि अंधाराचा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यावरून या आकाशाचा कोणता भाग सर्वांत आधी हरवण्याचा संभव आहे, हेही स्पष्ट होईल.

भूमीची ठेवण

या प्रदेशातील मुख्य नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना पुष्पावती, कुकडी, मीना आणि घोड यांची खोरी ओळीने लागतात, व दोन खोऱ्यांच्या मध्ये डोंगराची एकेक रांग पसरलेली आढळते. खोऱ्यांचा तळ सामान्यतः सहाशे ते सातशे मीटर उंचीवर आहे. जुन्नर शहराची उंची सुमारे ६९० मीटर भरते. डोंगरांचे माथे एक हजार मीटरपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही बरेच वर जातात. कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे या खोऱ्यांत विस्तीर्ण जलाशय निर्माण झाले. आर नदीवरील पिंपळगाव जोगे, कुकडीवरील माणिकडोह व येडगाव, मीनेवरील वडज आणि घोड नदीवरील डिंभे हे त्यांपैकी प्रमुख होत. डिंभ्याच्या जलाशयाखाली जुने आंबेगाव गेले. तालुक्याचे नाव तेवढे मागे उरले.

हे जलाशय मानवनिर्मित असले तरी त्यांचे काठ स्वभावतः पाणथळ आहेत. पावसाळ्यानंतर पाणी जसजसे ओसरते तसतशी चिखलाची उथळ पट्टी उघडी पडते. तिच्यावर कोठे गाळपेरीची पिके घेतली जातात, कोठे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पाणपक्षी उतरतात. १९७१ च्या रामसर कराराची पाणथळाची व्याख्या कृत्रिम जलाशयांनाही सामावून घेते. भारतातील २०१७ च्या पाणथळविषयक नियमांनी मात्र केवळ सिंचनासाठी अथवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय आपल्या कक्षेतून वगळले आहेत. निसर्गाच्या दृष्टीने जे पाणथळ, ते कायद्याच्या दृष्टीने तसे असतेच असे नाही, एवढे येथे लक्षात ठेवावे.

उंचीने काय साधते

उंच स्थळी आकाश अधिक निर्मळ दिसते हा अनुभव सार्वत्रिक आहे. समुद्रसपाटीपासून सातशे मीटर उंचीवर वातावरणाचा सुमारे आठ टक्के भाग आपल्या पायाखाली राहतो. एक हजार मीटरवर हे प्रमाण अकरा-बारा टक्क्यांपर्यंत जाते. हा लाभ अल्पच म्हटला पाहिजे. परंतु धूळ, धूर व बाष्प ही सर्व हवेप्रमाणे उंचवर पसरलेली नसतात. त्यांचा मोठा भाग जमिनीलगतच्या थरात साठतो. हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्या सान्निध्यातील हवा थंड व जड होऊन उतारावरून खोऱ्यात उतरते, आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. या तापमान-व्युत्क्रमामुळे चुलींचा व शेतातील धूर खोऱ्याच्या तळाशी कोंडला जातो. यास्तव समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा आसपासच्या तळापासूनची उंची निरीक्षकास अधिक महत्त्वाची ठरते. पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राने, म्हणजे आयुकाने, आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण आंबेगाव तालुक्यात घोडेगावच्या परिसरातील गिरवली येथे सुमारे एक हजार मीटर उंचीवर उभारली. २००६ च्या मे महिन्यात तिचे उद्घाटन झाले. तिचे स्थान खोऱ्याच्या तळापासून कितीतरी वर आहे, यातील मर्म वरील विवेचनावरून ध्यानात येईल.

पर्जन्यमानाचाही येथे संबंध येतो. घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलीमीटर पाऊस पडतो, तर तेथून चाळीस-पन्नास किलोमीटर पूर्वेस गेल्यावर तो हजाराच्या आत येतो. घाटमाथ्यालगतचे जलाशय अधिक रम्य खरे, परंतु धुके व ढग यांचा उपद्रवही तेथेच अधिक असतो. जून ते सप्टेंबर या काळात दृश्य प्रकाशातील निरीक्षण सर्वत्र जवळजवळ बंदच पडते. नोव्हेंबर ते मार्च हा खरा हंगाम होय.

पाण्याने काय साधते

जलाशयाच्या काठी तारे अधिक तेजस्वी दिसतात असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः पाण्यामुळे ताऱ्याचे तेज वाढत नाही. किंबहुना पाण्यालगतची हवा दमट असल्यामुळे दुर्बिणीच्या भिंगावर दव साठते, आणि पहाटे धुक्याचा पडदा पाण्यावरून काठाकडे सरकतो. पाण्याचा खरा उपकार निराळा आहे. पाण्यावर घरे नसतात, झाडे नसतात, दिवे नसतात. एक-दोन किलोमीटर रुंदीच्या जलाशयापलीकडे दृष्टी अडथळ्यावाचून क्षितिजाच्या जवळपास पोहोचते. उघडे क्षितिज आणि त्या दिशेने निकट दिव्यांचा अभाव, या दोन गोष्टी जलाशयामुळे एकाच वेळी लाभतात.

यावरून निरीक्षणस्थळाची निवड कशी करावी हेही निघते. अगदी पाण्याच्या कडेला न बसता वीस-तीस मीटर वर, उतारावरील कोरड्या जागी बसावे, म्हणजे दव व धुके यांपासून बरेच संरक्षण मिळते. शक्यतो जलाशयाच्या उत्तर काठावर बसून तोंड दक्षिणेकडे करावे. ही दिशा का, ते पुढे येईल. खोऱ्याच्या दक्षिणेस डोंगराची रांग असतेच. ती क्षितिजाचा किती भाग व्यापते हे दिवसाउजेडी पाहून घ्यावे. हात लांब करून धरलेली मूठ आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते. या ओबडधोबड मापाने काम भागते.

एकोणीस अंशांचे आकाश

जुन्नरचा अक्षांश सुमारे १९ अंश १२ कला उत्तर आहे. कोणत्याही स्थळी ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या स्थळाच्या अक्षांशाइतकी असते, म्हणून येथे ध्रुव एकोणीस अंशांवर, म्हणजे दोन मुठींपेक्षा किंचित खाली आढळतो. आता दक्षिणेकडे पाहू. रात्रीच्या आकाशातील दुसरा तेजस्वी तारा जो अगस्त्य, त्याची क्रांती दक्षिण ५२ अंश ४२ कला आहे. याम्योत्तर वृत्तावर येताना तो जुन्नरच्या क्षितिजावर सुमारे अठरा अंश चढतो. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास निरीक्षक उभा राहिला असता त्याच्या पाठीमागे ध्रुव आणि समोर अगस्त्य, असे हे दोन तारे जवळपास सारख्याच उंचीवर असतात. उत्तरेचा व दक्षिणेचा असा समतोल सर्व अक्षांशांना लाभत नाही.

अगस्त्याच्या खालीही या आकाशात बरेच काही आहे. नरतुरंग समूहातील मित्र हा सूर्यानंतरचा आपणास सर्वांत जवळचा तारकासंघ. तो येथे दहा अंशांपर्यंत येतो. त्रिशंकूचे चारही तारे एप्रिलच्या आरंभी मध्यरात्रीच्या सुमारास क्षितिजावर सुमारे आठ ते चौदा अंशांच्या पट्ट्यात उभे असतात. ओमेगा सेंटॉरी हा विशाल तारकागुच्छ तेवीस अंशांपर्यंत चढतो व खऱ्या अंधारात नुसत्या डोळ्यांना धूसर ठिपक्यासारखा दिसतो.

येथे हिमालयातील वेधशाळांशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. लडाखमधील हान्ले सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ व कोरडी आहे, आणि अंधाराच्या बाबतीत जुन्नर-आंबेगावने हान्लेशी स्पर्धा करण्याचे कारण नाही. परंतु हान्लेचा अक्षांश ३२ अंशांहून अधिक आहे. तेथे अगस्त्य जेमतेम चार-पाच अंश वर येतो आणि त्रिशंकू व्यवहारतः दिसतच नाही. म्हणजे दक्षिण आकाशाचा जो पट्टा देशातील सर्वोत्तम वेधस्थळाला अप्राप्य आहे, तो जुन्नरच्या क्षितिजावर प्रतिवर्षी उगवतो. या प्रदेशाच्या आकाशाचे विशेष मोल त्याच्या खस्वस्तिकाजवळ नसून त्याच्या दक्षिण क्षितिजालगत आहे.

आपल्या परंपरेने अगस्त्याचा संबंध पाण्याशीच जोडलेला आहे. पावसाळा सरत येताना पहाटे दक्षिणेस अगस्त्याचा उदय होतो आणि त्यानंतर नद्या-तळ्यांचे गढूळ पाणी निवळते, अशी जुनी धारणा आहे. ताऱ्यामुळे पाणी निवळत नाही, हे उघड आहे; परंतु पावसाचा जोर ओसरणे, गाळ खाली बसणे आणि अगस्त्य पहाटे दिसू लागणे या घटना एकाच ऋतूत घडतात, हे निरीक्षण अचूक आहे. ज्यांनी ते केले त्यांचे दक्षिण क्षितिज स्वच्छ होते.

नगराचा प्रकाश

याच दक्षिण क्षितिजासंबंधी खरी अडचण उद्भवते. पुण्याचे रेखांश ७३ अंश ५१ कलांच्या आसपास व जुन्नरचे ७३ अंश ५३ कलांच्या आसपास आहेत. म्हणजे पुणे हे जुन्नरच्या जवळजवळ तंतोतंत दक्षिणेस, सरळ रेषेत सुमारे ७५ किलोमीटरवर वसले आहे. अगस्त्य व त्रिशंकू याम्योत्तर वृत्तावर ज्या दिशेने येतात, त्याच दिशेने नगराच्या प्रकाशाची आभाही क्षितिजावर उभी राहते.

क्षितिजालगतचे तारे मुळातच दुर्बळ झालेले असतात. माथ्यावरील ताऱ्याचा प्रकाश हवेच्या एका थरातून येतो असे मानल्यास अठरा अंशांवरील अगस्त्याचा प्रकाश तशा तीन थरांतून, आणि आठ-दहा अंशांवरील त्रिशंकूचा पाच ते सात थरांतून येतो. अशा क्षीण झालेल्या प्रकाशामागे पार्श्वभूमीच उजळली तर तारा लुप्त होण्यास वेळ लागत नाही. नगराच्या प्रकाशाने आकाश सर्वत्र सारखे बिघडत नाही; ते खालून, नगराच्या दिशेने बिघडू लागते. जुन्नरच्या बाबतीत जो भाग दुर्मीळ, तोच भाग आधी बिघडणारा आहे.

अंतराचा परिणाम किती होतो, याचा एक स्थूल नियम अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ मर्ल वॉकर यांनी १९७७ मध्ये मांडला. नगराची आभा अंतराच्या अडीचाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की आभेचा पाचवा भागही उरत नाही. हे प्रथमदर्शनी आश्वासक वाटते. परंतु याच नियमाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पुणे-नाशिक महामार्गाने चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव अशी वस्ती व व्यापार उत्तरेकडे वाढत आला आहे. जुन्नरपासून पुण्याच्या एक-तृतीयांश अंतरावर, म्हणजे मंचरच्या आसपास, लागलेला एक दिवा वरील नियमानुसार पुण्यातील सुमारे पंधरा दिव्यांइतका भार आकाशावर टाकतो. महानगराची वाढ रोखणे कोणाच्या हाती नाही. जवळच्या गावांतील दिव्यांची रचना मात्र हाताबाहेरची गोष्ट नव्हे.

नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांची सर्व आकाशातील संख्या साडेसहाव्या प्रतीपर्यंत सुमारे नऊ हजार धरतात. एका वेळी त्यांपैकी निम्मे क्षितिजावर असतात. नगरात दृष्टीची मर्यादा तिसऱ्या-चौथ्या प्रतीवर येते व दिसणारे तारे शंभर-दोनशेच उरतात. अंधाऱ्या जागी गेल्यावरही डोळ्यास पूर्ण संवेदनक्षम होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि पांढऱ्या दिव्याची एक तिरीप ही सारी तयारी क्षणात नाहीशी करते. नकाशा पाहण्यासाठी मंद तांबडा दिवा वापरण्याचा प्रघात याच कारणामुळे पडला.

मौन राखलेले क्षेत्र

अंधाराचे रक्षण करणे अशक्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर जुन्नर तालुक्यातच मिळते. नारायणगावनजीक खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या (१९२९–२०२०) नेतृत्वाखाली ती साकार झाली व २००१ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांपैकी चौदा मध्यवर्ती क्षेत्रात आहेत. उरलेल्या सोळा तीन भुजांवर सुमारे पंचवीस किलोमीटरच्या विस्तारात उभ्या आहेत. रेडिओ लहरींना ढग अडवीत नाहीत आणि सूर्यप्रकाशही बाधत नाही. यामुळे तिचे काम अहोरात्र चालते. येथे घेतलेले स्पंदकांचे सूक्ष्म वेध २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या आंतरराष्ट्रीय संशोधनात उपयोगी पडले.

खोडदची निवड करताना डोंगरांचा आडोसा, मानवनिर्मित रेडिओ-कोलाहलाचे अल्प प्रमाण, पुण्याशी सुलभ दळणवळण आणि दक्षिण आकाशाचा बराच भाग टप्प्यात येईल असा अक्षांश, या गोष्टी विचारात घेतल्या गेल्या. ही दुर्बीण दक्षिणेस सुमारे ५३ अंश क्रांतीपर्यंत पाहू शकते. अगस्त्य तिच्या दृष्टीच्या अगदी सीमेवर येतो. ज्या गुणांमुळे जुन्नरचे काठ हौशी निरीक्षकाला उपयुक्त, साधारण त्याच गुणांमुळे खोडद शास्त्रज्ञांना उपयुक्त ठरले.

या दुर्बिणीच्या परिसरातील रेडिओ-मौन आपोआप टिकलेले नाही. मोठे उद्योग, दूरसंचाराचे मनोरे, विजेच्या वाहिन्या यांचा विचार करताना वेधशाळेचे म्हणणे ऐकून घेतले जाते. नियोजित पुणे-नाशिक जलद रेल्वेच्या मूळ आखणीसंबंधी दुर्बिणीच्या दृष्टीने आक्षेप निघाला आणि पर्यायी मार्गाचा विचार करावा लागला. यात स्थानिकांची गैरसोय झाली नाही असे नाही. जुन्नर-आंबेगावच्या जनतेला रेल्वे हवी होती व तिची ती अपेक्षा रास्त होती. विज्ञानासाठी राखलेल्या मौनाची किंमत कोणीतरी मोजतो, हे विसरून चालणार नाही.

अंधाराची किंमत मात्र तुलनेने फारच थोडी आहे, आणि तरीही येथे त्याला असा पालक नाही. महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यापूर्वी आसपासच्या गावांतील दिवे बदलून त्यांचा झोत खाली वळविण्यात आला होता. गावे अंधारात लोटली गेली नाहीत; केवळ आकाशाकडे वाया जाणारा उजेड अडविला गेला.

दिवा कोठे पाहतो

जुन्नर-आंबेगावमध्ये हा प्रश्न अधिक नाजूक आहे. उसाच्या शेतीच्या या पट्ट्यात बिबट्याचा वावर मोठा आहे आणि त्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत. रात्री पाणी देण्यास जाणाऱ्या शेतकऱ्याला, वस्तीवरच्या मुलाबाळांना उजेड हवा. तारे दिसावेत म्हणून त्यांनी दिवे मालवावेत, असे म्हणणे अविचाराचे होईल. परंतु दिव्याचा हेतू जमीन उजळणे हा आहे. क्षितिजाच्या किंचित वर जाणारा किरण जमिनीवर पडत नाही, बिबट्या दाखवीत नाही, आणि दूरच्या आकाशाला सर्वाधिक अपाय मात्र तोच करतो. कारण हवेच्या खालच्या थरातून त्याचा प्रवास सर्वांत लांब होतो. वर झाकण असलेला, झोत खाली असलेला दिवा कमी विजेत अंगण अधिक चांगले उजळतो. रंगाचाही परिणाम होतो. निळसर पांढऱ्या प्रकाशातील निळा अंश हवेच्या रेणूंमुळे पिवळ्या प्रकाशाच्या सुमारे तिप्पट विखुरतो. पिवळसर दिवा त्या मानाने आकाशाला सोसवतो.

पाणपक्ष्यांचाही यात वाटा आहे. अनेक पक्षी रात्री स्थलांतर करतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टीफन एम्लेन यांनी कृत्रिम तारांगणात प्रयोग करून दाखविले की, रात्री उडणारे काही पक्षी आकाशाच्या फिरण्याचा मध्य, म्हणजे ध्रुवाची दिशा, ओळखून आपली वाट ठरवितात. जलाशयाच्या काठावरील तीव्र दिव्यांमुळे केवळ निरीक्षकाचीच नव्हे, तर अशा पाहुण्यांचीही दिशाभूल होऊ शकते.

२०१८ मध्ये शासनाने जुन्नर हा विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. तेव्हापासून जलाशयांच्या काठी निवासस्थाने, उपाहारगृहे व त्यांचे दिवे यांची वाढ होणे स्वाभाविकच आहे. पर्यटकास येथे आणणाऱ्या गोष्टींमध्ये रात्रीचे आकाशही मोडते, हे व्यवसाय करणाऱ्यांच्या ध्यानात आले तर निम्मे काम झाले. किल्ला ढासळला तर त्याची डागडुजी लांबणीवर पडते व खर्चाची ठरते. दिव्यावर झाकण बसविले की आकाश त्याच रात्री परत मिळते. नैसर्गिक संपत्तीच्या ऱ्हासांपैकी इतका सहज उलटविता येणारा ऱ्हास दुसरा क्वचितच असेल.

विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना या कामी सहज हातभार लावता येईल. अमावास्येच्या आसपासच्या रात्री ठराविक काठांवरून त्रिशंकूचे किती तारे दिसले, ओमेगा सेंटॉरी नुसत्या डोळ्यांना दिसला की नाही, अगस्त्याखाली किती अंशांपर्यंत आभा पोहोचली होती, एवढी नोंद प्रतिवर्षी ठेवली तरी दहा वर्षांत या आकाशाचा विश्वसनीय इतिहास तयार होईल. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. डोळे, मूठ, वही आणि दक्षिणेकडे तोंड करून बसण्याची थोडी सवड, इतकी सामग्री पुरेशी आहे.